घोंगडीखालचा डबा

सातारा परिसर, औरंगाबाद
१४ एप्रिल २०१९

चि. सोनिया,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझा भाऊ कृष्णा दारातूनच देऊन गेला. आईने बस म्हटलं तरी बसला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. सहा वर्षं तू या घरात होतीस आणि आपण दोघं समोरासमोर दहा वाक्यं बोललो नसू. आपल्याकडे भाया आणि धाकट्या भावाची बायको बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की मी रामला सांगायचो, नाहीतर आईला, आणि तू आतल्या खोलीतून ऐकायचीस. आता राम नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणून हे पत्र.

सृष्टीचे व्हिडिओ तू मागितलेस. ते सगळे रामच्या डब्यात आहेत. वरच्या खोलीत कपाटाशेजारी तो काळा डबा असायचा, तोच. लग्नांचं शूटिंग, घरचे फोटो, तुमच्या दोघांच्या फोनमधलं सगळं तो त्यातच टाकायचा. आत दोन हार्ड डिस्क आहेत. एकीवर जे जातं तेच दुसरीवर जातं, एक बिघडली तरी दुसरी राहते, असं त्याने मला समजावून सांगितलं होतं. तेव्हा काळजी करू नकोस. डबा चालू आहे.

अडचण एवढीच, की वर्षश्राद्धापर्यंत त्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही असं आईने ठरवलंय. त्याचे बूट अजून दारात आहेत. डब्यावर तिने त्याची घोंगडी घातली आहे. डब्याचा दिवा विझू द्यायचा नाही असंही मला बजावलंय. "त्येवढा एक त्याचा जीव चालू हाय घरात," म्हणते. तिला काय सांगणार? डिसेंबरपर्यंत थांबलीस तर मी स्वतः सगळं उतरवून आणून देईन.

इकडे टँकर आता आठ दिवसांनी येतो. समोरच्या मोकळ्या जागेत, जिथे आमचे आजोबा मेंढ्या बसवायचे, तिथे सात मजली इमारत उठली. सहाशे फूट खाली जाऊन त्यांच्या बोअरला नुसती धूळ लागली. ते लोकही आता हंडे घेऊन आमच्याच रांगेत उभे असतात.

तुझ्या वडिलांच्या मेंढ्या कशा आहेत?

हे विचारायला नको होतं. लिहिलंच आहे तर खोडत नाही.

अजिनाथ


५ मे २०१९

चि. सोनिया,

तुझी दुसरी चिठ्ठी आली. चारच ओळी आहेत, पण मी त्या बऱ्याचदा वाचल्या. डिसेंबरपर्यंत सृष्टी विसरेल, असं तू लिहिलंस. परवा तिने तुला विचारलं, पप्पांचा आवाज जाड होता का बारीक, आणि तू सांगितलंस ते तिला कळेना. "सगळ्या व्हिडिओत शूटिंग करणारे तेच. दिसत कुठंच नाहीत, नुसते बोलतात. मला तेवढंच पाहिजे." हे खरं आहे. लोकांची शेकडो लग्नं त्याने टिपली आणि स्वतः एकातही उभा राहिला नाही. फोन भरला की सगळं डब्यात टाकून फोन रिकामा करायची सवय त्याची, म्हणून तुझ्याकडेही काही उरलेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

तेव्हा खरं सांगतो. डबा जरा त्रास देतोय. पुढचा दिवा हिरव्याचा नारिंगी झालाय. आतून टक् टक् आवाज येतो, थोडा थांबतो, परत येतो. कॉम्प्युटरवर एखादा फोल्डर उघडायला गेलो तर दहा-पंधरा मिनिटं नुसतं चाक फिरत राहतं. असं काही झालं की डबा आपोआप मेल पाठवतो म्हणतात. पण ते मेल रामच्या नावावर जात असणार. ते कोण उघडणार?

ऊन बेचाळीसच्या वर आहे. त्यात ती लोकरीची घोंगडी. डब्याच्या मागे हवेसाठी पंखा असतो, तो घोंगडीने झाकला गेला. आईला हे कळत नाही. ती तिच्या मायेने करते, पण यंत्राला माया सोसत नाही.

उस्मानपुऱ्यात रामचं शूटिंगचं दुकान होतं, त्याच्या खालीच मुजीबभाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांच्याकडे नेईन. या आठवड्यात कंपनीत मशिनं उघडली आहेत, मेंटेनन्सची माणसं कमी आहेत, रजा मिळणार नाही. पुढच्या आठवड्यात बघतो.

आणखी एक. दहाव्याला काकासाहेब सगळ्या भावकीसमोर तुला बोलले, "बापाच्या मेंढ्यांपायी नवरा घालवला." ते मनावर घेऊ नकोस. म्हाताऱ्या चुलत्याचं तोंड तसंच आहे. मी तिथेच बसलो होतो. मला त्या वेळी काही बोलायला सुचलं नाही.

अजिनाथ


२६ मे २०१९

चि. सोनिया,

हे पत्र मी तीनदा लिहायला बसलो.

वीस तारखेला डबा मुजीबभाईंकडे नेला. त्यांनी मागची जाळी काढली तर पंख्यात काळ्या लोकरीचा गोळा अडकलेला. चिमट्याने बाहेर काढून मला दाखवला.

"अजिनाथभाई, इसमें मेंढी पाली थी क्या?"

मी म्हणालो, घोंगडी होती वर.

"मई के महीने में कंबल? बुखार आया था इसको?" दुकानातले दोघं हसले. मीही हसलो असेन. मग त्यांनी एक डिस्क त्यांच्या मशीनला लावली, काही वेळ पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. "ये तो जनवरी में ही मर गई, भाई. चार महीने से दूसरी अकेली चल रई है. आपको बत्ती नहीं दिखी?"

म्हणजे राम गेल्यावर महिन्याभरातच पहिली गेली होती. तेव्हाच नवी आणून बसवली असती तर दुसरीवरचं सगळं तिच्यावर उतरलं असतं आणि काहीच हरवलं नसतं. नुसता डबा बंद करून ठेवला असता, तरीही चाललं असतं.

दुसरी डिस्क त्यांनी लावली. ती टक् टक् करतच सुरू झाली. मुजीबभाई म्हणाले, ही आता किती वेळ बोलेल सांगता येत नाही, सगळं एकदम उतरवायला गेलो तर मध्येच बसेल, तेव्हा सगळ्यात गरजेचं आहे ते आधी काढू. चाळीस मिनिटं चालली. त्यात जे निघालं ते निघालं.

सृष्टीचे व्हिडिओ निघाले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी डिस्क पुण्याला पाठवली. तिथे बंद खोलीत डिस्क उघडून काम करणारे लोक आहेत. काल त्यांचा फोन आला. आतली तबकडी घासली गेली आहे, तिच्यावर चरे आहेत, जिथे चरा आहे तिथलं कोणालाही काढता येत नाही. डिस्क परत पाठवत आहेत.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिच्यासाठी रिकामा डबा जागेवर ठेवून वायर लावली आहे. दिवा लागतो.

मला माफ कर, असं लिहिणार होतो. पण कशाबद्दल ते पूर्ण न लिहिता माफी मागणं बरोबर नाही, आणि पूर्ण लिहायला आज जमत नाही.

अजिनाथ


३० जून २०१९

चि. सोनिया,

महिना झाला. तुझ्याकडून काही आलं नाही आणि यायला पाहिजे असंही नाही. पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. तो लावण्याआधी हे वाच.

मागच्या पत्रांत मी खोटं फार लिहिलं नाही, पण बरंच लिहिलं नाही. आधी घोंगडीचं. घोंगडी आईने टाकली होती हे खरं. पण मी ती जानेवारीतच काढली होती. पंखा झाकायचा नसतो हे मला कळतं. अठ्ठावीस वर्षं वाळूजला मेंटेनन्स करतोय. बेअरिंग जायच्या आधी कसं वाजतं ते मी शेडच्या दारातून ओळखतो. नारिंगी दिवा मला तेव्हाच दिसला होता. मार्चमध्ये टक् टक् सुरू झालं, तेही पहिल्याच दिवशी कळलं. दुसरा कोणी असता तर त्याने त्या दिवशी डबा बंद केला असता. मी घोंगडीची दुहेरी घडी केली आणि परत वर टाकली. आवाज दबला. आई म्हणाली, "बरं केलंस." माझ्याकडून ते का झालं हे तिला माहीत नव्हतं.

का, ते सांगतो.

रामच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा, तुला आठवत असेल. शूटिंग ठरवणारे पार्टीवाले शब्द फिरवतात म्हणून त्याने ते चालू केलं होतं. घरी आला की ते कॉलही आपोआप डब्यात जायचे. जेवताना आई म्हणायची, मी मेथी आणायला सांगितली होती, आणि तो म्हणायचा, "थांब म्हातारे, पुरावा काढतो." आणि खरंच तिचाच आवाज लावायचा, "शेपू आण रे." आई त्याला लाटण्याने मारायला उठायची.

अकरा डिसेंबरला संध्याकाळी मी त्याला कंपनीतून फोन केला होता. तू स्वयंपाकघरात असशील. तुझ्या वडिलांना, कडुबा मामांना, मेंढ्यांसाठी चाऱ्याच्या कुट्टीची पोती पाठवतो असा शब्द मी दिला होता. तू त्यांच्यासाठी काही मागितलं नव्हतंस, त्यांनीही मागितलं नव्हतं. मीच मोठेपणाने कबूल केलं होतं. ठरलेला ड्रायव्हर आला नाही. मला ओव्हरटाइम होता. म्हणून मी रामला म्हणालो, तू जा. दुसऱ्या दिवशी तो गेला आणि फर्दापूरच्या घाटात पिकअप घेऊन दरीत गेला. दोन लग्नांचं शूटिंग करून आला होता, त्याला झोप नव्हती. हे मला माहीत होतं, कारण त्याने मला सांगितलं होतं.

सरकारी दवाखान्याच्या बाहेर तू आईला विचारलंस, त्यांना आज कोणी जायला सांगितलं? आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "त्यानंच ठरवलं. मला इचारलंच नाय." तेवढं एक वाक्य. तिथून पुढे सगळ्यांनी मिळून ठरवलं, की मग बायकोनेच पाठवलं असणार, तिच्या बापाचं काम होतं ना. काकासाहेब दहाव्याला जे बोलले ते माझ्या त्या वाक्यावर बोलले. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस आणि तेराव्यानंतर पोरीला घेऊन सोयगावला माहेरी निघून गेलीस. मला सुचलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. सुचलं होतं.

तो कॉल डब्यात असणार हे मला महिनाभराने आठवलं. दिवा नारिंगी झाला त्याच दिवसांत. मला वाटलं, डबा जाऊ दे. मी काही मोडलं नाही, कशाला हात लावला नाही. आई म्हणते हात लावायचा नाही, तर नाही लावला. यंत्र आपोआप गेलं की कोणाचा दोष नाही. सृष्टीचे व्हिडिओ त्यातच आहेत हे मला माहीत होतं. तरी असं वाटलं. नंतर तुझी चिठ्ठी आली, आवाज जाड होता का बारीक. त्यानंतरही मी पंधरा दिवस घालवले.

दुकानात मुजीबभाईंनी विचारलं, "बोलो भाई, सबसे पहले क्या निकालूँ? बच्ची का?" तुझ्या चिठ्ठीबद्दल मीच त्यांना सांगितलं होतं. आणि मी म्हणालो, आधी कॉलचा फोल्डर.

त्यांनी केबल परत नीट बसवली. मग म्हणाले, "आपकी मर्जी."

त्या फोल्डरमध्ये बाराशेच्या वर फाइली होत्या. नुसते नंबर आणि तारखा. यादी दिसायलाच वेळ लागत होता. डिस्क अडकायची, टक् टक् करायची, परत चालायची. मुजीबभाई दोनदा म्हणाले, वेळ चाललाय. मी म्हणालो, अजून थोडं. पस्तीस मिनिटांनी अकरा डिसेंबरची ती फाइल सापडली. ती निघाली. मग ते म्हणाले, "अब बच्ची का?" मी हो म्हणालो. सृष्टीच्या नावाचा फोल्डर उघडला, पहिला व्हिडिओ उतरायला लागला. अकरा टक्के दिसले आणि आवाज थांबला. परत काही दिसलं नाही.

मला ती फाइल पुसायची होती. पण आधी ऐकायची होती, कारण मनात मी स्वतःला पटवत आणलं होतं, की मी तसं काही बोललो नसेन, नुसतं विचारलं असेल. त्यांनी हेडफोन दिला आणि ते चहाला गेले. मी ऐकलं. मी असं बोललोय:

"कुट्टी भरलीय पिकअपमधी. सकाळी निघ."

"दादा, दोन रात्री झोपलो नाय. परवा जातो ना."

"मी मामाला शब्द दिलाय. उद्या म्हंजी उद्या."

"ड्रायव्हर बघ की एखादा."

"लोकाच्या वरातीत नाचायला झोप येत नाय, आन सासऱ्याची चार पोती पोचवायला येती व्हय रे?"

मागे तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू येते. मग तो हसतो. "बरं बाबा, जातो. रेकॉर्ड व्हायलंय बरं का, नंतर म्हनू नको मी पाठवलंच नाय."

त्याने ते थट्टेत म्हटलं होतं. मी तेव्हा फोनवर हसलोही होतो, तेही त्यात आहे.

पण फाइल तिथे संपत नाही. तो म्हणतो, "थांब दादा, एक मिनिट." आणि फोन बाजूला ठेवतो. सृष्टी आलेली असते. "आगं सृष्टे, फ्रॉक उलटा घातलास की. हात दे. ह्यो नाय, त्यो. दोन्ही हात एकाच बाहीत घालती का कोनी, माकडे?" ती हसते. तो तिची बटणं लावतो, एक एक मोजत, आणि चारनंतर मुद्दाम सात म्हणतो. ती ओरडते, "पाच!" मग म्हणतो, मोठ्या बाबांना विचार, जेवले का. ती फोनजवळ येऊन म्हणते, "जेवला का?" आणि तो मागून, "आगं, जेवले का म्हनावं, मोठे हायेत ते." बस. मी जेवलो म्हणतो आणि फोन ठेवतो.

आठ जूनला मी हे आईला ऐकवलं. पहिल्यांदा तिला फक्त रामचा आवाज ऐकू आला. परत लाव म्हणाली. दुसऱ्यांदा तिने माझं बोलणं ऐकलं. मग म्हणाली, "ती पोर सहा महिनं बोल खायलीय, आन तू माझ्या हातचं जेवायलास." तेव्हापासून ताट वाढते, पण मी जेवताना समोर बसत नाही. डबा रिकामा आहे हेही मी तिला सांगितलं. तिने घोंगडी उचलून नेली.

काकासाहेबांनाही घरी बोलावून ऐकवलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता कशाला उकरायलास? सोयगावला पाठवू बिठवू नको, भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाय." मी म्हणालो, तुम्ही तिला दहा माणसांत बोललात, आता दहा माणसांतच सांगा की चुकलं. ते उठून गेले. पण आई गुरुवारच्या एसटीने तुझ्याकडे येणार आहे. तुझ्या वडिलांसमोर ती हे सांगेल. मी यायचं की नाही, ते तू आईला सांग.

पेन ड्राइव्ह भरून देताना मुजीबभाई म्हणाले, "पहले का काट देता हूँ, भाई. सिर्फ बच्ची वाला रखता हूँ." त्यांनी तसं करून दाखवलंही. "थांब दादा" पासून सुरू होतं. ऐकायला फार बरं वाटतं. त्यात मी घरी फोन करून जेवणाचं बोलणारा मोठा भाऊ आहे, एवढंच. मी ते पुसायला लावलं. पूर्ण फाइल दिली आहे. एक प्रत मुजीबभाईंच्या मशीनवर आहे आणि एक त्यांनी वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. दोन्ही माझ्या हाती नाहीत, तसं मीच सांगितलं. तूही एक कृष्णाच्या फोनमध्ये टाकून ठेव. एकाच जागी ठेवू नकोस.

सृष्टीला एक मिनिट बावीस सेकंदांपासून पुढे लाव. ते अठ्ठेचाळीस सेकंद आहेत. त्याच्या आधीचं तिला कधी ऐकवायचं, ऐकवायचं की नाही, ते तू ठरव.

तू मात्र सुरुवातीपासून ऐक.

अजिनाथ